अठरावं वर्ष आणि मागची चाकं

गेल्या जूनमध्ये भाचा घरी आला तो मोबाइलवर एका गाडीचे फोटो उघडूनच. जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, गडद निळी, आठ वर्षं वापरलेली. किंमत ऐकून मीही क्षणभर थांबलो. नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीला जेवढे पैसे मोजावे लागतात, तेवढ्यातच ती मिळत होती. पोराला नुकतंच अठरावं पूर्ण झालेलं, लर्निंग लायसन्स खिशात, आणि ताईनं "मामा हो म्हणाला तर बघू" असं सांगून त्याला माझ्याकडे पाठवलेलं. "मामा, तुला गाड्यांमधलं कळतं. तूच सांग ना आईला."

माझी नोकरीची बरीच वर्षं भोसरी-चाकणच्या पट्ट्यात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत गेली. तिच्यासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाड्या मला मनापासून आवडतात. तरीही मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला, पण तो भांडला नाही. "का ते नीट सांग," एवढंच म्हणाला. त्या दिवशी मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितो आहे. हा प्रश्न आमच्या एका घराचा राहिलेला नाही, हेही लिहिण्यामागचं कारण आहे.

आधी हे कबूल करतो की या गाड्यांमधला आनंद खरा आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान पुढच्या चाकांवर चालतात. तिथे पुढची चाकं गाडी ओढतातही आणि वळवतातही. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे मागच्या चाकांवरच्या गाडीत, ही कामं वाटली जातात. पुढची चाकं दिशा देतात, मागची ढकलतात. त्यामुळे स्टिअरिंग स्वच्छ लागतं. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की पाठीला रेटा बसतो आणि गाडी आपल्या कमरेभोवती वळते आहे असं वाटतं. ज्यानं हे एकदा अनुभवलंय, त्याला ती ओढ का लागते हे वेगळं सांगावं लागत नाही. "असल्या गाड्या म्हणजे नुसता शो" असं म्हणून पोरांना गप्प करायला गेलं, तर ती आपलं पुढचं काहीच ऐकत नाहीत. त्यांचं बरोबर असतं.

अडचण त्याच रेट्यात आहे. टायरची रस्त्यावरची पकड महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. ती वळण्यावर खर्च करा, ब्रेकवर करा किंवा वेग वाढवण्यावर करा, एकूण रक्कम वाढत नाही. वळणात असताना मागच्या टायरांची बरीचशी पकड गाडीला बाहेर जाऊ न देण्यात गुंतलेली असते. त्याच क्षणी अडीचशे अश्वशक्ती त्या चाकांवर सोडली की खर्च पगाराच्या बाहेर जातो. मागची चाकं सुटतात आणि गाडीची मागची बाजू बाहेर सरकू लागते.

आता माणूस काय करतो ते बघा. वेग जास्त झाला असं वाटलं की पाय उचलतो, घाबरला असेल तर ब्रेक दाबतो. हे कुणी शिकवावं लागत नाही, शरीरच करतं. पुढच्या चाकांवरची गाडी वेगात वळताना बहुधा वळण सोडून सरळ जायला बघते. तिथे पाय उचलला की वजन पुढे येतं, पुढच्या चाकांना पकड मिळते आणि गाडी पुन्हा वळायला लागते. म्हणजे नवशिक्याची घाबरगुंडीच त्याला वाचवते. मागची बाजू सुटलेल्या गाडीत नेमकं तेच घात करतं. पाय झटकन उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. तिथे करायचं असतं ते अंगाला अजिबात न पटणारं. मागची बाजू ज्या दिशेला घसरते आहे त्याच दिशेला स्टिअरिंग फिरवायचं, पाय हळूहळू सैल करायचा, ब्रेकपासून लांब राहायचं, आणि गाडी सावरतेय असं जाणवताच स्टिअरिंग तितक्याच चपळाईनं सरळ करायचं. शेवटचं काम उशिरा झालं तर गाडी दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात फेकली जाते. हे सगळं सेकंदभरात, विचार न करता झालं पाहिजे. विचार न करता होण्यासाठी ते आधी शेकडो वेळा झालेलं असावं लागतं.

माझं ते झालेलं नव्हतं. मी बावीस वर्षांचा असताना, जूनच्या पहिल्या पावसात, कात्रजच्या जुन्या घाटातून एक रिकामी व्हॅन पुण्याकडे खाली आणत होतो. मागच्या चाकांवर चालणारी, मागे काही वजन नाही. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल पहिल्या सरीत मिसळून जो बुळबुळीत थर तयार होतो, तो पुण्यात दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही होता. तरी एका वळणावर वेग जास्त वाटला म्हणून मी ब्रेक दाबला. पुढचं मला डोंगर, आकाश आणि मागून येणाऱ्या एसटीचे दिवे, एवढंच आठवतं. व्हॅन अर्धी गिरकी घेऊन डोंगराकडच्या चरीत जाऊन बसली. दरीकडे गेली असती तर आज हे लिहिणारा कुणी नसता. एसटीचा चालक खाली उतरला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता मला पाण्याची बाटली दिली. त्या व्हॅनची ताकद चाळीस अश्वशक्तीसुद्धा नव्हती.

हा आकडा मुद्दाम सांगतो. कारण या विषयावर बोलताना आमच्या पिढीतला कुणीतरी हमखास म्हणतो, "आम्ही सगळे मागच्या चाकांवरच शिकलो की!" खरंच आहे. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर, ओम्नी, सुमो, क्वालिस, सगळ्या मागच्या चाकांवरच्या. मारुती ८०० आली १९८३ मध्ये, त्यानंतर पुढच्या चाकांवरच्या गाड्या घराघरांत रुळल्या. पण पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन चाळीसेक अश्वशक्ती द्यायचं. घाट चढताना ती दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायची. कोरड्या रस्त्यावर तिची मागची चाकं सोडवायची म्हटलं तरी ते जमणं कठीण होतं. आमचे वडील फार संयमी होते असं आपण समजतो. त्यातला बराचसा संयम इंजिनाचा होता. भाच्याच्या फोटोतली गाडी त्याच्या सहापट ताकदीची होती आणि सहा सेकंदांच्या आसपास शंभरचा वेग गाठणारी. म्हणून माझा आक्षेप मागच्या चाकांना नाही. मागची चाकं, मोठी ताकद आणि कोरा अनुभव ही तीन एकत्र येण्याला आहे.

हे तिन्ही एकत्र येणं आता फार सोपं झालं आहे. एकेकाळी असली गाडी म्हणजे कोरेगाव पार्कातल्या दोन-चार बंगल्यांची गोष्ट होती. जुन्या महागड्या गाड्यांच्या बाजारानं ती कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटपर्यंत आणली. आणि इलेक्ट्रिक गाड्यांनी तर सगळं गणितच बदललं. महिंद्राची बीई ६ चाकणला बनते. मोटर मागे, ओढ मागच्या चाकांना, मोठ्या बॅटरीच्या मॉडेलमध्ये २१० किलोवॅट म्हणजे २८६ अश्वशक्ती, शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत. टाटांची हॅरिअर ईव्हीसुद्धा मागच्या चाकांवर मिळते. या उत्तम गाड्या आहेत, आपल्या माणसांनी बनवल्या आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण यांना कुणी स्पोर्ट्‌स कार म्हणत नाही. त्या 'फॅमिली एसयूव्ही' म्हणून पार्किंगमध्ये उभ्या असतात आणि घरातल्या मुलाला लायसन्स मिळालं की किल्ली सहज हातात जाते. पेट्रोल इंजिन निदान आवाजानं इशारा देतं. इलेक्ट्रिक मोटर पाय टेकवताच सगळा जोर देते आणि ऐंशीचा वेग चाळीससारखा शांत वाटतो.

पुण्यात हा विषय निघाला की कल्याणीनगर टाळता येत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेली पोर्शे टायकान दुचाकीवर आदळली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. तो अपघात वळणावर गाडी घसरून झालेला नव्हता. त्यामुळे मागच्या चाकांचा युक्तिवाद मी त्यावर चिकटवणार नाही. नंतर जे घडलं, म्हणजे जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट, रक्ताच्या नमुन्यांवरून झालेल्या अटका, त्यावर सगळा देश बोलला आणि बोलायलाच हवं होतं. मला मात्र तेव्हापासून एक वेगळीच गोष्ट सलते. त्या मुलाला अठरा पूर्ण व्हायला काही महिनेच बाकी होते. ते झाल्यावर, दारूचा भाग सोडला, तर तीच गाडी त्यानं चालवण्याला वयावरून कायद्याची कुठलीही हरकत राहिली नसती. लर्निंगनंतर तीस दिवस थांबायचं, भोसरीच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढायचा, रिव्हर्समध्ये एच करायचा, चढावर गाडी मागे न घसरू देता पुढे न्यायची, झालं. ज्या कार्डावर छोटी अल्टो चालवता येते, त्याच कार्डावर चारशे अश्वशक्तीची गाडी चालवता येते. ओल्या रस्त्यावर गाडी घसरल्यावर काय करायचं, हे त्या चाचणीत कुणी विचारत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कडक आहे, असायलाच हवं. पण अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी ही सगळी कडकपणाची भिंत एकदम नाहीशी होते. पलीकडे एक पायरीसुद्धा नाही.

खरं तर पायरीची कल्पना आपल्याच कायद्यात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळाव्या वर्षी दुचाकीला परवानगी आहे, पण ५० सीसीपर्यंतच्या. म्हणजे वय कमी तर ताकद कमी, हे तत्त्व संसदेनं तेव्हाच मान्य केलं होतं. आपण ते पाळलं नाही, हा भाग निराळा. अकरावीच्या क्लासबाहेर लागलेल्या स्कूटरींच्या रांगेत ११० सीसीच्या किती आणि त्या चालवणारी अठराची किती, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. त्या किल्ल्या देणारे हात आपलेच असतात. मोठ्या गाडीची सवय तिथूनच सुरू होते, असं मला वाटतं. "क्लासला जायला सोयीचं पडतं" म्हणत पहिली पायरी आपणच खोडून टाकलेली असते.

बाकी जगात काही ठिकाणी हे तत्त्व चारचाकीपर्यंत नेलं आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया राज्यांत नव्या चालकाला टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. आपली स्विफ्ट या मापानं पासष्टच्या आसपास येते. मागच्या चाकांवरची बीएमडब्ल्यू एम-२ दोनशेच्या आसपास जाते. इटलीत २०२४ च्या डिसेंबरपासून नव्या चालकाला पहिली तीन वर्षं टनामागे ७५ आणि एकूण १०५ किलोवॅट अशी मर्यादा आहे. चाकणच्या त्या २१० किलोवॅटच्या गाडीची ताकद बरोबर याच्या दुप्पट. दक्षिण ऑस्ट्रेलियानं तर त्याही पुढे जाऊन १ डिसेंबर २०२४ पासून अतिताकदवान गाड्यांसाठी लायसन्सचा वेगळा वर्गच केला. २०१९ मध्ये ॲडलेडला एका लॅम्बोर्गिनीच्या अपघातात पंधरा वर्षांची मुलगी गेली, त्यातून ती मागणी उभी राहिली होती. असल्या गाडीत चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा मुद्दाम बंद करणं हासुद्धा तिथे गुन्हा आहे.

या यंत्रणेबद्दल भाचा म्हणाला होता, "मामा, हल्ली ईएससी असतं. गाडी स्वतःच सावरते." अर्धं बरोबर आहे. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कमी करून ती सरळ ठेवणारी ही व्यवस्था गेल्या काही दशकांतल्या सर्वांत मोठ्या जीवरक्षक शोधांपैकी एक आहे. माझ्या त्या व्हॅनमध्ये ती असती तर बहुधा गिरकी बसली नसती. पण ती टायरला नवी पकड देत नाही. असलेली पकड नीट वाटते. पन्नासच्या वळणात कुणी नव्वदनं शिरला तर वाटायला काही उरलेलंच नसतं. आणि ताकदवान गाड्यांत ही व्यवस्था सैल करणारा स्पोर्ट मोड असतो, अनेकांत ती बंद करण्याचं बटणही असतं. अठराव्या वर्षी, मागच्या सीटवर तीन मित्र बसलेले असताना, रात्री अकराला रिकाम्या पाषाण-सूस रस्त्यावर ते बटण किती वेळ न दाबता राहील? त्या वयाच्या माझ्यावर मी भरवसा ठेवला नसता. शेजारी समवयस्क बसले की तरुण चालकांचे धोके वाढतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मुलं वाईट असतात म्हणून हे घडत नाही. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो.

आणखी एक युक्तिवाद मला खरोखर विचार करायला लावतो. अठराव्या वर्षी मुलगा मत देतो, सैन्यात जातो, मग गाडीचंच काय? याचं उत्तर मला खडकवासल्यात आणि लोहगावात मिळतं. एनडीएतून बाहेर पडून वैमानिक व्हायला निघालेला मुलगा देशातल्या सर्वांत कसून निवडलेल्या मुलांपैकी असतो. तरी त्याला पहिल्या दिवशी सुखोईत कुणी बसवत नाही. आधी पिलाटस हे साधं प्रशिक्षण विमान, मग किरण, मग हॉक, आणि तेव्हा कुठे लोहगावच्या धावपट्टीवरून पुण्याच्या आभाळात गर्जत जाणारं ते विमान. या पायऱ्यांमुळे त्याचा अपमान होतो असं कुणाला वाटत नाही.

पैशाची बाजू थोडक्यात. परदेशात अठरा वर्षांच्या मुलानं ताकदवान गाडी घ्यायची ठरवली तर विम्याचा हप्ताच त्याला थोपवतो. आपल्याकडे पेट्रोल-डिझेल गाडीचा थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेला दर १५०० सीसीच्या वर वर्षाला ७,८९७ रुपये होता. चालवणारा अठराचा की पन्नासचा, याचा त्यात विचार नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचतो तो गाडीबाहेरचा माणूस. गाडीतल्या पोराभोवती सहा एअरबॅग असतात. समोर दुचाकीवर कॉल सेंटरची रात्रपाळी संपवून निघालेली मुलगी असते, हिंजवडीहून परतणारा कुणी, पहाटे दूध टाकणारा, झाडू घेऊन रस्त्यावर उतरलेली पालिकेची बाई. त्यांच्या अंगावर फार तर एक हेल्मेट. हे शहर दुचाकींचं आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा होता. आपल्या मुलाची हौस किती धोक्याची हे आपण ठरवत असतो, पण त्या धोक्याचा मोठा भाग असल्या लोकांच्या डोक्यावर टाकतो ज्यांना आपण विचारलेलंच नसतं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. लायसन्सनंतरची पहिली तीन वर्षं गाडीच्या वजनामागच्या ताकदीला मर्यादा असावी, आणि ती पेट्रोल, डिझेल, इलेक्ट्रिक सगळ्यांना लागू असावी. मर्यादा कितीची असावी हे तज्ज्ञांनी ठरवावं. इटलीइतकी कमी नको, कारण मग घरातली एकुलती एक गाडीसुद्धा अनेक मुलांना चालवता येणार नाही. तीन वर्षांनंतर पुढची पायरी हवी असेल त्यानं ओल्या, घसरड्या, बंदिस्त ट्रॅकवर प्रशिक्षकांसोबत प्रशिक्षण घ्यावं आणि गाडी घसरवून, सावरून दाखवावी. हे सुरू करायला पुण्यासारखं दुसरं शहर नाही. भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीवरची संस्था आहे, वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय आहे, पिंपरी आणि चाकणला गाड्या बनवणारे कारखाने आहेत. गाडी कशी घसरते हे मोजणारी माणसं इथे हजारांनी राहतात. त्यांच्या मुलांना मात्र ते ज्ञान पहिल्या पावसातल्या घाटात, स्वतःच्या जिवावर मिळवावं लागतं.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर किल्ली घरातच असते. ज्या मुलाला या गाड्यांची खरी आवड आहे त्याला नुसतं नाही म्हणून सोडू नका, एवढं मी माझ्या अनुभवावरून आईबापांना सांगेन. पहिली गाडी साधी, पुढच्या चाकांवरची, ईएससी असलेली घ्या. वाचलेल्या पैशातले थोडे चांगल्या टायरांवर घाला आणि थोडे कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या रेसट्रॅकवरच्या प्रशिक्षणावर. मागची चाकं सुटल्यावर पोटात जो गोळा येतो, तो तिथे येऊ दे, जिथे समोर कुणी नाही.

भाच्याला मी हे सगळं ऑगस्टमध्ये, मुठेच्या काठी भुट्टा खाताना सांगितलं. त्यानं मध्ये दोनदा वाद घातला, जुन्या पद्मिनीचा मुद्दाही काढला. शेवटी विचारलं, "मग कधी?" मी म्हणालो, एकविसाव्या वर्षी, आणि त्याआधी एकदा ट्रॅकवर तू आणि मी दोघं जाऊ. ताईची हॅचबॅक तो सध्या चालवतो. पावसाचे दिवस असले की शेजारच्या सीटवर मी असतो, आणि चांदणी चौकाच्या उतारावर तो माझ्याकडे न बघताच स्वतःहून वेग कमी करतो.